आयपी ६८ आणि खाऱ्या हवेतला फोन

मे महिन्याच्या अखेरीस, मिरगाची चाहूल लागली असताना, देवबागला राहणारा माझा भाचा नवा फोन घेऊन गुडघाभर समुद्रात उतरला आणि पाण्याखालून वाळूचे, पर्यटकांच्या पायांचे आणि एका बावरलेल्या कुर्लीचे चित्रण करू लागला. मी काठावरून हटकले, तर उत्तर आले, "मामा, पाण्यात चालता म्हणान तर घेतलंय!" फोनच्या खोक्यावर आयपी ६८ असे छापलेले होते, त्यामुळे मी पुढे वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी चार्जरची वायर जोडताच पडद्यावर ओलाव्याची सूचना आली आणि आठवडाभरात चार्जिंग पूर्ण बंद पडले. सेवाकेंद्रातल्या मुलाने सिमचा ट्रे बाहेर ओढला, आत, पाणी लागले की लाल होणारी आणि आता लाल झालेली, बारीक चिकटपट्टी दाखवली आणि द्रवामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे शांतपणे सांगितले.

भाच्याला आपण फसवले गेलो असे वाटते, आणि त्याचा राग मला समजतो. खोक्यावरचा आकडा मात्र खरा आहे. तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून छापला जातो, हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला पडणारा प्रश्न तर त्या परीक्षेत विचारलेलाच नसतो.

विजेवर चालणाऱ्या वस्तूच्या कवचातून धूळ आणि पाणी कितपत आत शिरू शकते, हे ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाचे, म्हणजे आयईसीचे, ६०५२९ क्रमांकाचे मानक आहे. ते फोनसाठी जन्माला आलेले नाही. विजेच्या मोटारी, स्विचबोर्ड, रस्त्यावरचे दिवे अशा वस्तूंच्या खोक्यांचा विचार करून ते तयार झाले आणि फोन कंपन्यांनी ते पुढे उचलले. 'आयपी' आणि त्यापुढचे दोन अंक ही याच मानकातली खूण. त्यांतला पहिला अंक घन पदार्थांचा असून तो शून्यापासून सहापर्यंत जातो. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, आणि ही परीक्षा टाल्कच्या अतिशय बारीक भुकटीने भरलेल्या पेटीत घेतात, त्यामुळे चिऱ्याच्या खाणीवरची तांबडी धूळ अशा फोनच्या आतल्या भागांना फारसा त्रास देऊ शकत नाही. दुसरा अंक पाण्याचा, शून्यापासून नऊपर्यंत. गाणी ऐकायच्या इअरफोनवर दिसणाऱ्या 'आयपीएक्स ४' मधल्या एक्सचा अर्थ त्या अंकाची परीक्षा जाहीर केलेली नाही, एवढाच घ्यावा.

पाण्याच्या अंकांबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की ती शिडी आहे आणि वरच्या पायरीवर चढलेला खालच्या सगळ्या पायऱ्या चढून आलेला असतो. प्रत्यक्षात पाच आणि सहा हे अंक पाण्याच्या झोताचे आहेत. सहाच्या परीक्षेत साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर पाणी अंगावर मारले जाते. सात आणि आठ हे अंक बुडवण्याचे आहेत. विहिरीत बुडून कोरडा निघालेला फोन पागोळीखाली किंवा सावडावच्या धबधब्याखाली टिकेलच, असे आयपी ६८ सांगत नाही. म्हणून तर अलीकडे काही फोनांवर ६६, ६८ आणि ६९ असे तीन-तीन आकडे ओळीने छापलेले दिसतात. यातला नऊ हा अंक ८० अंश सेल्सिअस तापलेल्या, प्रचंड दाबाच्या झोताचा आहे. तशा पाण्याने कारखान्यातली यंत्रे धुतात. मासळी कापून आलेल्या हातांनी फोन उचलण्याची सवय असलेल्या आमच्या घरांतही अजून फोन उकळत्या फवाऱ्याने धुण्याची वेळ आलेली नाही.

सात आणि आठ यांमधला फरकही नीट कळणे आवश्यक आहे. सातची अट ठरलेली आहे: एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. आठची अट मात्र उत्पादकाने स्वतः ठरवायची असते, फक्त ती सातपेक्षा कडक हवी. म्हणजे आठ हा पेपर विद्यार्थ्याने स्वतः काढायचा आणि स्वतःच पास झाल्याचे सांगायचे. २०१६ मधल्या गॅलक्सी एस ७ ची अट दीड मीटर खोलीवर ३० मिनिटे अशी होती; २०१८ च्या आयफोन एक्सएस साठी ती दोन मीटर झाली आणि २०२० च्या आयफोन १२ साठी सहा मीटर. तिन्ही फोनांवर आकडा एकच, आयपी ६८. दीड मीटर आणि सहा मीटर यांतला फरक ज्याला जाणून घ्यायचा आहे, त्याला खोक्यावरची बारीक अक्षरे वाचण्यासाठी चष्मा लावावा लागतो.

आता परीक्षेच्या पाण्याविषयी. ते गोडे, स्वच्छ आणि निवांत उभे असते, त्याचे तापमान आणि वस्तूचे तापमान यांत पाच अंशांहून अधिक फरक पडू देत नाहीत, आणि परीक्षा द्यायला बसतो तो नवाकोरा नमुना. तुमच्या हातात पडलेला फोन बुडवून पाहिलेला नसतो. त्याच्या जातीच्या नमुन्यांवर चाचणी झालेली असते. या प्रत्येक अटीला कोकणात तडा जातो, आणि कसा तो पाहण्यासाठी फोन पाणी कसे अडवतो, हे थोडे समजून घ्यावे लागेल.

फोनचा पडदा आणि पाठ या चिकट पदार्थाच्या अखंड पट्टीने चौकटीला जोडलेल्या असतात. सिमच्या ट्रेला आणि बटणांना रबरासारखी कडी असते. आवाज बाहेर पडण्याच्या भोकांमागे टेफ्लॉनच्या कुळातल्या पदार्थाचा अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो, ज्याच्या छिद्रांतून हवा जाते, परंतु पाणी स्वतःच्या पृष्ठताणामुळे बाहेरच अडते, जसे ते अळवाच्या पानावर न पसरता गोळा होऊन राहते. साबणाचे पाणी मात्र हा नियम पाळत नाही, कारण साबण पाण्याचा पृष्ठताणच कमी करतो. म्हणून फोन पाण्यात चालतो असे सांगणाऱ्या कंपन्याच तो साबणापासून दूर ठेवायला सांगतात. चार्जिंगचे भोक मात्र उघडेच असते. तिथे पाणी शिरणार, हे गृहीत धरून त्याच्या मागची बाजू बंद केलेली असते.

ही सगळी रचना वयाबरोबर ढिली पडते. चिकट पट्टी उन्हाने सैल होते, पडल्यावर चौकट केसभर वाकते, आणि बाजारपेठेतल्या दुकानात एकदा पडदा बदलला की मूळची पट्टी निघालेली असते व नवी तितक्याच काटेकोरपणे बसवली जाईल याची खात्री कोणी देत नाही. दोन वर्षे वापरलेल्या, एकदा उघडलेल्या फोनला मी आयपी शून्य असे समजतो. हे मत माझे आहे, मानकाचे नव्हे.

दाबाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पाण्यात एक मीटर खाली गेले की वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश दाब वाढतो. पण हा हिशेब स्थिर पाण्याचा आहे. पाणी किंवा फोन वेगात असेल, तर त्या वेगाचाही दाब पडतो: सेकंदाला पाच मीटर वेगाने येणारी लाट ज्या जागी आदळते, तिथे सव्वा मीटर खोलीइतका जास्तीचा दाब क्षणभर देते. जेटीवरून दोन मीटर खाली पाण्यात पडलेल्या फोनला आदळताना निदान दोन मीटर खोलीइतका धक्का बसतो, आणि मग तो बुडू लागतो ते वेगळेच. तापमानाचे तसेच. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली तापलेला फोन थेट विहिरीच्या गार पाण्यात गेला, तर आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी फटीतून आत ओढले जाते. परीक्षेत पाच अंशांची मर्यादा घातलेली आहे ती यासाठीच.

एवढे सगळे जमेस धरूनही मला सर्वांत मोठा दोषी वाटतो तो समुद्र नव्हे, त्यातले मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे एका लहान थेंबात पावणेदोन मिलिग्रॅम. थेंब वाळतो, मीठ मागे राहते. गोडे पाणी चार्जिंगच्या भोकातून वाळून गेले की प्रकरण मिटते, पण खारे पाणी वाळले तरी मिटत नाही, कारण मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्याने ते त्याहून कमी ओलाव्यातही पाझरते. शिरोड्याच्या मिठागरातले खडे मीठ घरी आणणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक आहे. आषाढात मिठाची बरणी आतून ओली होते आणि खाली खारे पाणी साचते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या किनाऱ्यावरची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास फिरते. म्हणजे मे महिन्यात भोकात गेलेला एक थेंब पावसाळाभर पुन्हा पुन्हा जिवंत होतो, आणि तुम्ही म्हणत राहता, "फोन तर कोरडा आहे."

ओल्या भोकात चार्जरची वायर घातली की खरे नुकसान सुरू होते. खारे पाणी विहिरीच्या गोड्या पाण्यापेक्षा शंभरपट किंवा त्याहूनही सहज वीज वाहू देते. टाइप-सी भोकात धातूच्या २४ बारीक पट्ट्या एकमेकींना खेटून असतात. त्यांतल्या काहींवर चार्जर जोडताच पाच व्होल्ट आणि जलद चार्जिंगच्या वेळी त्याहून अधिक दाब येतो, तर शेजारच्या पट्ट्यांवर शून्य. मधे खाऱ्या पाण्याचा पूल तयार झाला, की शाळेच्या प्रयोगशाळेतले विद्युत अपघटन फोनमध्येच सुरू होते आणि धन बाजूच्या पट्टीचा धातू विरघळू लागतो. या पट्ट्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असून वर निकेल आणि सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात, तसेच हे. वायर शेकडो वेळा घालून-काढून कल्हई खरवडली गेली, की उघड्या पडलेल्या धातूवर मिठातले क्लोराइड चढाई करते आणि हिरवट थर धरतो. भाच्याच्या नव्या फोनमध्येही असेच विद्युत अपघटन झाले असावे. असा फोन निकामी व्हायला पाणी त्याच्या आतल्या भागांपर्यंत पोचावेही लागत नाही.

ओलाव्याची सूचना ही फोनची अरेरावी नाही. भोकातल्या पट्ट्यांमधून नको तिथे वीज वाहते आहे, हे ओळखून फोन चार्जिंग रोखतो. ती सूचना बाजूला सारून चार्जिंग चालू ठेवण्याची सोय काही फोनांत दिलेली आहे, आणि घाईत तिच्यावर बोट ठेवणारेच नंतर दुरुस्तीच्या दुकानात दिसतात. बॅटरी अगदीच संपली असेल आणि फोनला वायरविना चार्ज होण्याची सोय असेल, तर पाठ कोरडी पुसून तसे करता येते.

मग तांदळाचे काय? ओला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय आमच्याकडे इतका रुजलेला आहे, की मला त्याचे मूळ मिठाच्या बाटलीत सापडते असे वाटते. बाटलीतले मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात चार दाणे तांदूळ टाकण्याची रीत जुनी आहे, आणि तीच समजूत फोनपर्यंत आली असावी. पण डब्यातले तांदूळ फोनच्या आतले पाणी खेचून घेत नाहीत. उलट त्यांचा पिठूळ भुगा भोकात जाऊन चिकटतो. अ‍ॅपलने तर आपल्या मदतपानावर तांदळाचा उपाय करू नका, असे स्पष्ट लिहिले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याची जगभर बातमी झाली. ती बातमी वाचून माझ्या आईने डब्यातले तांदूळ सुटले, असे म्हणून समाधान व्यक्त केले. पोटावर किंवा चुलीजवळ ऊब देणे, केस वाळवण्याचे यंत्र लावणे, भोकात कापूस किंवा काडी घालणे, हेही तितकेच चुकीचे.

करायचे काय, ते मासेमारांकडून शिकावे. होडीला मागे लावायचे इंजिन समुद्रातून परतल्यावर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुऊन ठेवतात, कारण पाण्याने इंजिन बिघडत नाही, वाळलेल्या मिठाने बिघडते, हे त्यांना ठाऊक असते. आयपी ६७ किंवा ६८ असलेल्या, कधीही न उघडलेल्या फोनवर समुद्राचे पाणी उडाले, तर तो बंद करून लगेच गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरावा. ओल्या फोनवर आणखी पाणी ओतायला हात धजावत नाही, हे मला मान्य आहे, परंतु कंपन्यांचा सल्लाही असाच असतो, आणि तो बरोबर आहे. नळाचा जोर लावू नये, साबण लावू नये. मग भोक खाली करून तळहातावर हलकेच आपटावे, मऊ कापडाने पुसावे आणि पंख्याच्या वाऱ्याखाली ठेवावे. उन्हाळ्यात काही तास पुरतात, पण पावसाळ्यात पंखा ओलीच हवा फिरवत असल्यामुळे रात्रभर थांबावे. चपलांच्या आणि औषधांच्या खोक्यांतून येणाऱ्या, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून ठेवल्या असतील, तर आषाढात त्या पंख्यापेक्षा उपयोगी पडतात. फोनला कोणताही आयपी अंक नसेल, तर मात्र धुण्याच्या फंदात न पडता तो बंद करून, चार्जर न लावता, दुरुस्तीला न्यावा.

जाहिरातींविषयी बोलायचे, तर हा केवळ आमच्या किनाऱ्याचा तक्रारीचा सूर नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने २०१९ मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला न्यायालयात खेचले, कारण गॅलक्सी फोन जलतरण तलावात आणि समुद्रात वापरता येतात, असे जाहिरातींतून भासवले होते. ओल्या भोकात चार्जर लावल्यास ते गंजू शकते, हे कंपनीला मान्य करावे लागले आणि २०२२ मध्ये तिला एक कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड झाला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये अ‍ॅपलला एक कोटी युरोंचा दंड केला. पाण्यात टिकण्याचा गाजावाजा जाहिरातीत करायचा आणि पाण्याने बिघडलेल्या फोनची वॉरंटी नाकारायची, ही विसंगती त्या निर्णयाच्या मुळाशी होती. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. तक्रार नोंदवण्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. भाच्याला मी तो दिला. त्याने अजून फिरवलेला नाही.

माझा खरा आक्षेप जाहिरातीपेक्षाही परीक्षेच्या निवडीवर आहे. मिठाच्या धुक्याची प्रमाणित परीक्षा अस्तित्वात आहे. आयईसीच्याच ६००६८-२-११ या मानकात पाच टक्के मिठाच्या द्रावणाचे धुके ३५ अंश तापमानाच्या पेटीत वस्तूवर सोडून ती किती गंजते, हे पाहतात. हवा धातूला किती लवकर खाते याचेही आयएसओ ९२२३ या मानकात वर्ग पाडलेले असून, समुद्राकाठच्या खारट हवेची जागा त्यात वरच्या, म्हणजे अधिक गंजवणाऱ्या, वर्गांत लागते. रत्नागिरीतला वातानुकूलन यंत्रे विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला बाहेरच्या यंत्राची जाळी तांब्याची आहे की अ‍ॅल्युमिनियमची, तिच्यावर गंजरोधक थर आहे की नाही, हे न विचारता सांगतो, कारण खाऱ्या वाऱ्याने यंत्र दोन-तीन वर्षांत बसले तर लोक त्यालाच धरतात. फोन विकणारा मात्र कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतो. परीक्षकांच्या चित्रफितींतही फोन बादलीत, माशांच्या काचपेटीत किंवा फार तर जलतरण तलावात बुडवतात आणि बाहेर काढून टाळ्या घेतात. आठवड्यानंतर त्याचे भोक उघडून दाखवणारी चित्रफीत माझ्या पाहण्यात आलेली नाही. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत एवढी माणसे किनाऱ्यावर राहतात. त्यांना पाण्याखाली सहा मीटर जाण्याचे प्रमाणपत्र देण्यापेक्षा मिठाच्या धुक्यात किती तास टिकला, हा एक आकडा खोक्यावर छापला, तर तो अधिक उपयोगी पडेल.

हातातल्या घड्याळांवरची 'पाच एटीएम' (म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाचपट) किंवा '५० मीटर' ही खूणही याच जातीची आहे: तेवढ्या खोलीच्या स्थिर दाबाची, नव्या घड्याळाची. ती पोहण्यासाठी ठीक आहे, पण तारकर्लीला स्कूबासाठी उतरताना तिच्यावर विसंबू नये.

भाच्याच्या फोनची चार्जिंगची पट्टी बदलावी लागली. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने पाठ उघडताना मूळची चिकट पट्टी निघाली आणि नवी लावताना, "आता पाण्यात नको हां," असे बजावले. सध्या तो फोन पर्यटकांना विकतात तसल्या, गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पिशवीतून होडीवर जातो, आणि घरी आल्यावर पडवीतल्या पिंपातून तांब्याभर पाणी आधी पिशवीवर ओतले जाते, मगच ती उघडली जाते.